इंजिनघराचं तोंड तांड्याकडे

देवसिंग नायकाला त्या दिवशी बसायला खुर्ची दिली, तिथंच सगळा घोटाळा झाला.

खुर्चीचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या घरात चार असतील, तुम्हाला त्याचं काय! पण ज्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडले, आणि ज्याच्याशी गावातले मोठे लोक आजवर ओट्यावरून बोलले आणि तो खालून ऐकत राहिला, त्याला एकदम पंचांच्या बरोबरीनं लोखंडी खुर्चीत बसवून हातात कपबशी दिली, तर माणूस फुगणारच. देवसिंगही फुगला. मी त्याला नावं ठेवत नाही. मीही फुगलो असतो.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मुकुटबनच्या रस्त्याला शेतकऱ्यांनी मिळून कापसाचा जिन उभारायचा ठरवला. पांढरकवड्याला आणि वणीला गाड्या नेता नेता बैलांचे खूर झिजले होते, तेव्हा जिन हवाच होता. जागा निघाली ती गाव आणि देवसिंगचा तांडा यांच्या मधोमध. बंजाऱ्यांची वस्ती तिच्या नायकाच्या नावानं ओळखली जाते, म्हणून तो देवसिंगचा तांडा. भांडण असो, सोयरीक असो, नायकाच्या तोंडून शब्द निघाला की तो तांड्याचा शब्द. तो मागे घेता येत नाही. नायकालाही नाही.

त्या दिवशीच्या बैठकीला यवतमाळहून सदाशिवराव नावाचे ओव्हरसियर नकाशा घेऊन आले होते. किडकिडीत, खोकणारा माणूस. नकाशा टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर पेले ठेवले आणि म्हणाले, "सरकी काढणारे रेचे चालवायला मोठं तेलाचं इंजिन बसणार. दसऱ्यापासून होळीपर्यंत रात्रंदिवस चालेल. त्याचा आवाज कोणाच्या अंगावर सोडायचा हे आज ठरवायचं आहे. पाया भरल्यावर मग मला बोलावू नका."

सगळे हसले. सदाशिवराव हसले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की इंजिनघर नाल्याच्या अंगाला घ्यावं. तिकडं वस्ती नाही. धुराचा पाइप वर न काढता जमिनीतल्या खड्ड्यात सोडावा आणि खड्डा दगडांनी भरावा, म्हणजे इंजिनाचा ठोका दगडातच जिरतो. आणि तांड्याकडची भिंत दुहेरी बांधावी, तिला खिडकी नको.

जिनचे अध्यक्ष बबनराव. कुणबी, मोठी शेती, माणूस वाईट नाही, पण हिशेबी. ते म्हणाले, "साहेब, नाल्याकडं काळी माती आहे. पाया पुरुषभर खाली न्या लागते. तांड्याच्या अंगाले मुरूम लागते हातभरावर. वरून तुमचा तो खड्डा, ती दुहेरी भिंत! पण आपण कोनावर जबरदस्ती नाही करत. नायक बसले आहेत इथं. दार त्यायचं आहे. बोला नायक."

सगळ्यांच्या माना खुर्चीकडं वळल्या. आता बघा, इथं देवसिंगानं एवढंच म्हणायचं होतं की, विचार करून सांगतो. तांड्यात जाऊन नसाब बसवली असती, म्हणजे त्यांची पंचायत हो, चार म्हाताऱ्यांना विचारलं असतं. पण खुर्चीवर बसलेला माणूस 'विचारून सांगतो' म्हणाला तर तो खुर्चीवरचा कसला!

देवसिंगानं मिशीवरून हात फिरवला. "साहेब, आमच्या बापाच्या लदेणीत पाहावं तिथपर्यंत बैल चालत. लदेणी म्हंजे लादलेल्या बैलाईचा काफिला. दर बैलाच्या गळ्यात घंटा. त्या घंटाईत आमी जल्मलो, त्यातच झोपलो. एका इंजनाले तांडा भेते का? लावा तुमचं इंजन आमच्याकडं तोंड करून. खिडक्या बी ठेवा चांगल्या मोठ्या. आमच्या बाया-मानसाईले पाहू द्या मशीन!"

"वा नायक!" असं कोणीतरी म्हणालं. देवसिंगाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सदाशिवरावांनी चष्मा काढला. "नायक, घंटा चालत पुढं जायच्या. हे इंजिन जागचं हलणार नाही."

लोक पुन्हा हसले, आणि देवसिंगाला वाटलं, आपल्याला हसले. तो ताडकन उठला. "ओव्हरशेर साहेब, बंजाऱ्याले आवाजाचा भेव दाखवू नका. माह्या तांड्यातून आवाजाची कागाळी घेऊन कोनी या जिनच्या फाटकात आला, अगदी मी जरी आलो, तरी त्या दिवसापासून मले नायक म्हनू नका. शब्द आहे माझा."

झालं. सदाशिवरावांनी पेन्सिलीनं इंजिनघर नाल्याकडून खोडलं आणि तांड्याकडं काढलं. त्यांचा हात काही चटकन चालत नव्हता, पण त्यांचं काम नकाशा काढायचं, माणसं बदलायचं नाही.

संध्याकाळी देवसिंगानं चुलीपुढं बसून सगळं रंगवून सांगितलं. त्याची बायको जमनाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तांड्यात बोलणं त्यांच्या गोरबोलीत चालायचं, आपण आपलं वऱ्हाडीत सांगतो. ती म्हणाली, "कोनाले इचारलं तुमी?"

"नायकानं कोनाले इचारा लागते?"

"तुमी खुर्चीवर बसले होते. आमी भुईवर झोपतो. आवाज भुईतून येईन."

देवसिंगानं तिला गप्प केलं. बायकांना यातलं काय कळतं, वगैरे. आपण पुरुष जे नेहमी म्हणतो तेच.

दुसऱ्या दसऱ्याला इंजिन सुरू झालं. नारळ फुटला, पेढे वाटले, तांड्याच्या बायका फेटिये, म्हणजे आपले घेरदार घागरे, सावरत खिडकीशी गर्दी करून उभ्या राहिल्या. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांना हसत हसत ओरडून बोलले. आठवडा झाल्यावर हसणं थांबलं. धडक, धडक, धडक! छातीच्या फासळीत बसणारा तो ठोका, आणि त्यावर रेच्यांची खडखड. भिंतीला टेकलं तर पाठीत, उशीला कान लावला तर कानात. चुलीवरच्या पातेल्याचं झाकण आपोआप वाजायचं. गाई पान्हा चोरायला लागल्या. म्हातारे बोलायचेच बंद झाले. नसाब बसली तर फिर्यादी एक ओरडायचा, पंचांना दुसरंच ऐकू यायचं, शेवटी लोक हातवारे करून न्याय मागायला लागले. हातवाऱ्यांनी कुठं न्याय होतो!

पण कागाळी? नाव नको. नायकाचा शब्द गेला होता. कागाळी केली तर नायक नायक राहत नाही, आणि स्वतःच्या नायकाला कोण खाली ओढेल? तांडाच्या तांडा त्या एका वाक्यात कोंडला गेला, आणि कडी घालणारा देवसिंगही आतच.

त्याला काय त्रास होत नव्हता? अहो, सगळ्यात जास्त त्यालाच! दुपारी तो काठी घेऊन निघायचा, "ढोरं पाहून येतो" म्हणून. टेकडीच्या पल्याड एक पळसाची झुडपं असलेली जागा होती. तिथं ठोका पोचत नसे. देवसिंग तिथं नुसता बसायचा, पाखरं ऐकत. एकदा गेला तर तिथं आधीच तांड्यातले पाच-सहा जण बसलेले, तंबाखू मळत. नायकाला पाहिल्यावर एक म्हणाला, "बैल हरपला माझा, तो शोधून राह्यलो." दुसरा म्हणाला, "मी बी." देवसिंगानं मान हलवली आणि चार हात लांब बसला. कोणी कोणाकडं पाहिलं नाही. किती लाजिरवाणं!

सुटायची एक वाट आली होती, नाही असं नाही. पुढच्या वर्षी सदाशिवराव कापसाच्या गाठींच्या गोदामाचं काम बघायला आले, ते मुद्दाम तांड्यात आले. इंजिन चालूच होतं. देवसिंगाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "नायक, अजूनही होतं. पाइप खड्ड्यात वळवता येतो, या खिडक्या बुजवता येतात. अर्धा आवाज जाईल. बबनराव तयार होतील. पण तांड्याकडून मागणी आली पाहिजे. तुम्ही फक्त हो म्हणा."

देवसिंगाच्या ओठांवर 'हो' आलं होतं. पण पाच-सहा माणसं जवळ उभी होती, आणि त्यात जिनचा मुकादम होता. देवसिंग म्हणाला, "तांडा मजेत आहे, साहेब."

सदाशिवरावांनी चष्मा पुसला. मग खोकत खोकत निघून गेले. दारात उभ्या जमनाबाईला काही ऐकू आलं नव्हतं, पण नवऱ्याची मान कशी हलली ते तिनं पाहिलं होतं. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही.

असे पाच हंगाम गेले. देवसिंगाची धाकटी, बिजली, सोळा-सतरा वर्षांची झाली. मोठ्या दोन्ही पोरांची लग्नं होऊन सुना आल्या होत्या. ही एकच लेक. नखऱ्याची, हसरी, बापाच्या पागोट्यात मोरपीस खोचणारी. देवसिंगाचा जीव होता तिच्यावर. मुकुटबनकडच्या तांड्यात सोयरीक ठरली.

आता बंजाऱ्यांची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांची पोर सासरी निघते तेव्हा सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करते आणि बापाच्या दाराकडं तोंड करून गाते. त्याला हवेली म्हणतात. बापाचं घर भरलेलं राहो, नायकाचा तांडा सुखी राहो, भाऊ-भावजय, गाय-वासरू, पाणवठा, सगळ्यांचा निरोप त्यात असतो. ते रडणंही असतं आणि गाणंही. पोरीला जे आयुष्यभर बोलता येणार नाही ते ती त्यात बोलून घेते, आणि बापानं ते उभ्यानं ऐकायचं असतं. ते दारापुढंच व्हावं लागतं, टेकडीपल्याड नेऊन चालत नाही. पोरी ते हिवाळ्यात शिकतात. कापूस वेचून झाला की संध्याकाळी शेकोटीभोवती म्हाताऱ्या बायका शिकवतात. उन्हाळ्यात अर्धा तांडा खडी फोडायला बाहेरगावी, आणि पावसाळ्यात चिखल तुडवून आलेल्या बाईला कुठलं गाणं नि कुठलं काय!

देवसिंगानं आपल्या बहिणीची हवेली ऐकली होती. गेल्या पाच वर्षांत तांड्यातल्या कितीतरी पोरी बैलावर उभ्या राहून गेल्या, पण इंजिनाच्या धडधडीत त्याला नुसती हलणारी तोंडं दिसली. बिजलीच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून लग्न होळीच्या पुढं ढकललं, चैत्रात धरलं. तोवर जिन बंद होतोच.

पण त्या वर्षी कापूस असा पिकला, की जिनच्या आवारात पांढरे डोंगर उभे राहिले. होळी पेटली, धुळवड झाली, पाडवा झाला, इंजिन आपलं धडक धडक चालूच. लग्न चार दिवसांवर आलं.

जमनाबाईनं देवसिंगाला गोठ्यात गाठलं. इंजिनाच्या वर आवाज चढवून ओरडली, "जा ना बबनरावाकडं! घडीभर बंद ठेवा म्हना!"

"कसा जाऊ? शब्द आहे!"

"शब्द तुमचा. पोरगी माही."

देवसिंग वैरण टाकायला वळला. काय करणार? गेला तर नायकी जाते. बापाची, आजाची, पणज्याची नायकी, त्याच्या एका पावलानं धुळीला मिळते. नाही गेला तर लेक मुक्यानं जाते. चार दिवस माणूस धड जेवला नाही. वऱ्हाडाचं स्वागत करताना हसायचा आणि मागं वळून इंजिनघराच्या खिडकीकडं बघायचा.

लग्न लागलं. सकाळचं ऊन चढायच्या आत बिदाई. बैलाच्या शिंगांना रंग, पाठीवर कवड्यांची झूल. भावांनी हात दिला आणि बिजली बैलावर चढली. नवा फेटिया, आरशांची काचोळी, डोळे रडून सुजलेले. तिनं दोन्ही हात वर केले आणि तोंड उघडलं.

धडक, धडक, धडक.

बायका पदरात तोंड घालून रडत होत्या. बिजलीचे ओठ हलत होते, मान डोलत होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि देवसिंगापर्यंत त्यातलं एक अक्षर पोचत नव्हतं. तो एक पाऊल पुढं झाला, दोन झाला, कानामागं हात धरला. काही नाही. आपली लेक आपल्याला काहीतरी सांगते आहे, जन्मात एकदाच सांगते आहे, आणि आपण बहिऱ्यासारखे उभे आहोत! मग तो वळला आणि चालायला लागला. आधी चालत, मग पळत.

जिनच्या फाटकात बबनराव गाड्या मोजून घेत होते. देवसिंगानं डोक्यावरचं पागोटं काढलं आणि हातात धरलं. "आवाजाची कागाळी घेऊन आलो. इंजन बंद करा."

गाडीवाले सगळे बघत राहिले. त्यात तांड्यातलेही होते.

बबनराव गोंधळले. "अरे, नायक, असं काय करता! पागोटं घाला आधी."

"नायक नका म्हनू. माह्या पोरीची हवेली चालू आहे. बंद करा, तुमच्या पाया पडतो."

बबनरावांनी तिथूनच इंजिनवाल्याला हात केला. मग हळहळत म्हणाले, "काहून नाही सांगितलं आधी? एक शब्द टाकला असता तं सांजच्याले दोन घंटे रोज बंद ठेवलं असतं, पाच वर्षं! आमाले वाटलं तुमचा तांडा मजेत आहे."

देवसिंगाला ते ऐकायला वेळ नव्हता, आणि एका परीनं बरंच झालं. तो बोडक्या डोक्यानं तांड्याकडं पळत सुटला. मागं ठोका मंद झाला. धडक... धडक... एक लांब उसासा टाकून इंजिन थांबलं. रेचे थांबले.

इतकी शांतता की लोक दचकले. कुठंतरी कोंबडा आरवला. बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली, ती सगळ्यांना ऐकू आली. लोकांनी देवसिंगाचं बोडकं डोकं पाहिलं, बंद इंजिनघराकडं पाहिलं, आणि काय झालं ते सगळ्यांना कळलं. जमनाबाईनं तोंडावर हात धरला. देवसिंग धापा टाकत बैलापुढं येऊन उभा राहिला. नायकी गेली तर गेली. त्यानं लेकीकडं मान वर केली. "म्हन बाई. आता म्हन. मी आयकून राह्यलो."

बिजलीचे हात वरच होते. तोंड उघडं होतं. त्यातून आवाज निघत नव्हता.

लोकांना वाटलं, गळा दाटला असेल. एक बाई म्हणाली, "म्हन ना वं, लाजते कायले!" बिजलीनं पुन्हा तोंड उघडलं. एक बारीक 'आ' निघाला, थोडा वर गेला आणि तुटला. ती इकडं तिकडं बघायला लागली, आपल्या बरोबरीच्या पोरींकडं. त्या पोरींनी माना खाली घातल्या.

"काय झालं बाई?" देवसिंग जवळ गेला.

बिजलीनं हात खाली घेतले. बैलावर उभ्या उभ्याच, साध्या बोलण्यात, जे आता साऱ्या वऱ्हाडाला ऐकू गेलं, ती म्हणाली, "बापू, मले येत नाही."

"काय येत नाही?"

"हवेली. सोनीमाय शिकवे तवा इंजन चालू राहे. तिचं तोंड दिसे नुसतं. हात कसे धराचे ते दिसे, मान कशी हलवाची, कुठं रडाचं. तेवढंच शिकलो आमी. गानं कधी आयकूच नाही आलं." ती हुंदका आवरत होती. "कोनालेच येत नाही, बापू. माह्या आंधी गेल्या त्याईले बी नाही आलं."

शिकवणारी म्हातारी सोनीबाई दोन वर्षांमागं वारली होती. बाकीच्या म्हाताऱ्यांनी आपल्याच पायांकडं पाहिलं. जमनाबाई पुढं झाली, लेकीच्या वतीनं पहिली ओळ धरायला तोंड उघडलं, पण पाच वर्षं कानावर न पडलेलं ते, तिच्याही ओठी 'बापाचं घर' एवढंच आलं आणि पुढचं येईना. वऱ्हाडातल्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. नवरदेव जमिनीकडं बघत होता. कोणीतरी फिसकन हसलं.

बिजलीचा चेहरा लालबुंद झाला. ती वाकली, बापाचा खांदा धरला आणि म्हणाली, "बापू, ते इंजन चालू करा लावा ना. सारे पाहून राह्यले. चालू करा, मी म्हन्तो मंग."

देवसिंगानं तिचा हात खांद्यावरून हळूच सोडवला आणि तो पुन्हा जिनच्या वाटेला लागला. या वेळी पळाला नाही.

फाटकात बबनराव उभेच होते. इंजिनवाला हात पुसत बाहेर आला होता. गाडीवाले चिलीम ओढत बसले होते. बबनरावांनी मायेनं विचारलं, "आयकली का नायक, पोरीची हवेली?"

देवसिंग म्हणाला, "चालू करा."